वर्षावासातील एक दिवस : नान्नजचा माळ आणि तेरचा चैत्य

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज रात्री ग्रंथवाचन असते. साडेआठच्या सुमारास माणसे जमतात. दिवसभर विड्या वळून आलेल्या बाया, महापालिकेत कामाला असलेले बांधव, बंद पडलेल्या गिरण्यांतले जुने कामगार, आणि मागच्या ओळीत एकमेकांना कोपराने ढोसणारी पोरे. वाचन झाले की कोणी काही विचारतो, कोणी काही सांगतो, आणि दहाला दिवे मालवतात. गेल्या वर्षावासात अशाच एका रात्री भंतेजींनी विनयपिटकातली एक हकीगत सांगितली. तिच्यामुळे आमचा एक प्रवास घडला. त्याबद्दल लिहा असे वस्तीतल्या चार जणांनी म्हटले, म्हणून हे लिहीत आहोत.

हकीगत अशी. सुरुवातीच्या काळात भिक्खू बाराही महिने चारिका करीत. पावसाळ्यातही थांबत नसत. तेव्हा लोक कुरकुर करू लागले की हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवे गवत तुडवीत जातात, त्यातले बारीक बारीक जीव पायाखाली चिरडतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी थांबतात, पाखरेसुद्धा झाडावर घरटे करून बसतात, मग यांनाच काय झाले? ही तक्रार तथागतांच्या कानावर गेली आणि त्यांनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. "म्हणजे बघा," भंतेजी म्हणाले, "आपला वर्षावास गवताच्या तक्रारीवरून सुरू झाला."

ही गवताची बाजू बहुतेकांना नवी होती. सगळे गप्प बसले असताना आत्या बोलली. वय पंच्याहत्तरच्या पुढे, सारी वस्ती तिला आत्याच म्हणते. "भंते, आपल्या हिकडं ते भिक्खू पावसाळ्यात कुटं ऱ्हात व्हते?" भंतेजींनी सांगितले की लेणी डोंगरात असतात, सोलापूरकडे तसा डोंगर नाही. पण विटांचे विहार, विटांचे स्तूप होते, आणि आपल्याला सर्वात जवळचे म्हणजे तेर. मागच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "बार्शी रोडनंच जायचं. वाटेत नान्नज. गवतबी तितंच हाय की."

अशा रीतीने एकाच दिवसात दोन्ही बघायचे ठरले. क्रूझर गाडी ठरवली. माणसे अकरा, वर्गणी माणशी सारखी, आत्याची माफ. हिशेब आमच्याकडे, कारण आम्ही बी.कॉम. झाल्यापासून वस्तीतला प्रत्येक हिशेब आमच्याकडेच येतो, मग तो जयंतीचा असो की लग्नातल्या खुर्च्यांचा. बरोबर आमची धाकटी, मुलांची आई, आणि आमचे दाजी. दाजी मूळचे बार्शी भागातल्या एका खेड्याचे. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

पहाटे निघालो. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज. हे द्राक्षांचे गाव. सोनाका आणि शरद सीडलेस हे द्राक्षांचे नामांकित वाण याच गावातून पुढे आले. द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला आपल्या कितीतरी आयाबहिणी या रस्त्याने जातात. पण त्यांना विचारा की बागेच्या पलीकडे काय आहे, तर उत्तर येते, "काय न्हाई, माळ हाय."

नान्नज ते मार्डी या पट्ट्यात हा माळ पसरला आहे. इथेच माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. वनखात्याच्या माणसाबरोबर आम्ही ठरलेल्या वाटेनेच फिरलो, कारण पावसाळा हा पाखरांच्या विणीचा काळ. पाऊस होऊन गेला होता. गुडघ्याएवढे गवत वाऱ्यावर एका बाजूला वाकत होते. मध्येच एखादी बोर, एखादा हिवर, पिवळ्या फुलांचा तरवड. काळविटांचा कळप दिसला. नर काळाभोर, शिंगे पिळदार, आणि माद्या गवताच्याच रंगाच्या. चंडोल जमिनीवरून सरळ आभाळात चढत, वर गात आणि दगड पडावा तसे खाली येत. धाकटीने तेवढे एकच पाखरू अर्धा तास पाहिले.

माळढोक काही दिसला नाही. दिसेल या आशेने कोणी जाऊ नये. हे मीटरभर उंचीचे पाखरू. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते, म्हणजे उडणाऱ्या पाखरांत अगदी वजनदारांपैकी एक. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, तेही बऱ्याचदा पावसाळ्यातच. त्या अंड्यावर पाय पडला, गुरे गेली, कुत्रे आले की संपले. समोरचे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरते. आज साऱ्या देशात ही पाखरे दीडशेच्या आसपास उरली असतील, आणि त्यांतली बहुतेक राजस्थानात. २०११ साली जागतिक यादीत हा पक्षी अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आपल्या सोलापुरात आता एखादा दिसला तरी बातमी होते.

आत्याला मात्र हे पाखरू ठाऊक होते. ती त्याला 'हूम' म्हणते. लहानपणी ती आईबरोबर माळावर गवत कापायला जायची. कापलेल्या गवताचा भारा शहरात टांगेवाल्यांना विकायचा, त्यावर घरात ज्वारी यायची. गाडीतून उतरल्यापासून ती काठी टेकत पुढे आणि आम्ही मागे. ही पवन्या, गुरांना गोड. हा मारवेल. ही कुसळ, लुगड्यात घुसली की काढता काढता जीव जातो. वनखात्याचा माणूसही ऐकत राहिला. मग ती थांबून म्हणाली, "आमच्या टायमाला गावात हिरीवर जायला बंदी, देवळात बंदी. माळावर कुणी काय म्हणत नव्हतं. माळाला इटाळ नव्हता."

वाचकहो, या वाक्याचा अर्थ आमच्या पिढीला लगेच कळेल, पोरांना थोडा समजावून द्यावा लागेल. ज्याच्या नावावर एक गुंठा नाही त्याची गुरेशेरडे, सरपण, गवत, शेण, रानभाज्या हे सगळे माळावरून यायचे. गावात सारे कोणाचे ना कोणाचे होते. माळ तेवढा कोणाचा नव्हता, म्हणून थोडासा आपला होता.

सरकारी दप्तरात मात्र या जमिनीला 'पडीक' म्हणतात. आम्ही कारकुनी पेशातले, नोंदवहीतला एक शब्द काय करू शकतो ते रोज बघतो. इंग्रजांच्या काळात जिच्यातून सारा येत नाही ती जमीन निरुपयोगी ठरली, आणि तो शिक्का पुसला गेला नाही. माळ म्हटला की कोणी तिथे झाडे लावायला धावतो, कोणी कारखाना काढायला. वनखात्यानेही एके काळी अशा माळांवर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली. ती वाढली की सावलीत गवत मरते, आणि माळाचे पाखरू झाडीत राहत नाही. गवताची मुळे मात्र खोल जातात, माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जिरवतात. दुष्काळी जिल्ह्यात याहून मोठे काम कोणते? सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नजला माळाचे काही तुकडे राखले गेले, गवत वर आले आणि माळढोकाला आसरा मिळाला. सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी या पाखरासाठी मोठा पाठपुरावा केला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले.

इथे दाजी बोलले. ते सकाळपासून गप्प होते. "पाव्हणं, अभयारण्य केवढं जाहीर केलं व्हतं?" आम्ही सांगितले, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. "म्हंजी पाखराला आठ हजार किलोमीटर. आन आमाला दोन एकर न्हाई."

कोणीच हसले नाही. दाजींचे वडील १९६४ सालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली त्या वेळी लाखो माणसे पडीक जमीन मागण्यासाठी तुरुंगात गेली होती. सुटून आल्यावर त्यांनी गावच्या गायरानातला दोन एकरांचा तुकडा दगड वेचून लागवडीला आणला. तेव्हापासून तिथे तूर, मटकी, बाजरी होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष सुरू झाले तो हा दिवस. दाजींनी अर्ज केला. फाईल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेली, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आला, पुरावा काय? पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावोगावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टे दिले असतील तिथे अपवाद करता येईल असे त्यात म्हटले आहे, पण ज्याच्या हातात पट्टाच नाही त्याने काय दाखवायचे? आता काही गावांत गायराने सौरऊर्जेच्या प्रकल्पांना दिली जात आहेत. दाजींच्या गावातही तशी कुजबूज आहे.

तेव्हा दाजींचा राग आम्हाला समजतो. तरी त्या माळावर उभे राहून आम्ही त्यांना म्हटले ते इथेही लिहितो. पाखराने तुमची जमीन घेतली नाही. ते आठ हजार किलोमीटर कागदावरच होते. त्यात गावे, शेते, बागा सगळे आले होते, लोकांची खरेदी-विक्री अडत होती, म्हणून पुढे ते क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले. खरे राखलेले गवत त्याहूनही कितीतरी थोडे. ज्या शब्दाने तुमचे दोन एकर दुसऱ्याला देता येतात, त्याच शब्दाने पाखराचा माळही देता येतो. तो शब्द म्हणजे पडीक. दाजींनी ऐकून घेतले, पटले असे काही म्हणाले नाहीत.

वैराग मागे पडले. बार्शीला भाकरी सोडली. शेंगाचटणी, दही, झुणका. आमच्यात भाच्यासारखा एक मुलगा आहे, महाविद्यालयात भूगोल शिकतो. तो जेवताना आयर्लंडची गोष्ट सांगू लागला. आयर्लंड म्हणजे ज्या देशाच्या घटनेवरून आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे घेतली तो. तिथे आपल्या माळासारखीच बिनकामाची समजली गेलेली जमीन आहे, पण कोरडी नव्हे, भिजलेली. शेवाळ आणि गवत साचलेल्या पाण्यात पुरते कुजत नाही, थरावर थर बसतात, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि हजारो वर्षांत काळी स्पंजासारखी माती होते. तिला पीट म्हणतात. वाळवली की ती कोळशासारखी जळते. म्हणून ती खणून खणून घरात, वीजकेंद्रात जाळली. मग कळले की जगाच्या जमिनीत पीटचा वाटा तीन टक्के, पण साऱ्या जंगलांहून जास्त कार्बन त्यात अडकून आहे. तेव्हा काही दलदली राखीव झाल्या, आणि २०२१ साली तिथल्या सरकारी कंपनीने पीट काढणे थांबवले.

त्या दलदलींच्या मधोमध, शॅनन नदीच्या काठी, क्लॉनमॅकनॉइज नावाचा ख्रिस्ती मठ सहाव्या शतकात उभा राहिला. आज तिथे मोडक्या भिंती, मनोरे आणि कोरीव क्रूस आहेत. भिक्खूंसारखेच ते मठवासीही वस्तीपासून बाजूला, पण रहदारीच्या वाटेजवळ राहत. २००६ साली आयर्लंडमध्येच दुसऱ्या एका दलदलीत पीट खणताना यंत्राच्या तोंडाशी एक चामडी पुस्तक आले. बाराशे वर्षांपूर्वीचे स्तोत्रांचे पुस्तक, चिखलाने सांभाळलेले. खणणाऱ्याने ते ओळखले, ओल्या मातीने झाकून ठेवले आणि तज्ज्ञांना बोलावले. "त्यानं फावडं मारलं आसतं तर?" आत्याने विचारले. तेरला पोचेपर्यंत गाडीत त्यावरच बोलणे चालले होते.

येडशीवरून आम्ही तेरला आलो. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे गाव. बहुतेकांना ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून माहीत आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचे शहर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची माहितीवही लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. तिच्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे लिहिले आहे. तिथून अवघड वाटांनी गाड्या भरून भडोचच्या बंदरात माल जाई. कोणता माल? साधे जाडेभरडे कापड भरपूर, आणि नाना प्रकारचे तलम कापड. आमच्याबरोबरचे गिरणीतले एक काका हे ऐकून ताठ बसले. म्हणाले, "म्हंजी आपलाच धंदा."

हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज पंडिताने १९०१ साली दाखवून दिले. नंतर कझिन्स येऊन पाहून गेला. १९५८ साली चापेकरांनी खोदकाम केले, पुढेही खोदकामे झाली. त्यांत विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गावाच्या भोवती पांढरीची टेकाडे आहेत. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला पांढरी म्हणतात. पाऊस पडला की त्या मातीतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरे वर येतात.

या वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या. लोक ज्याला कचरा म्हणत ते जमवून ठेवले, आणि त्यातून त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. हजारो वस्तू आहेत. हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली. रोमन लोकांच्या मद्याच्या कुंभांची खापरे आहेत. मातीच्या बाहुल्या आहेत. आत्या शंखाच्या बांगडीच्या एका तुकड्यापुढे बराच वेळ उभी राहिली. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "कामकरी बाईची हाय ही. घासलीया बघ आतनं."

तिथून आम्ही त्रिविक्रमाच्या देवळाकडे गेलो. वाचकहो, हे देऊळ प्रत्येकाने एकदा पाहावे. समोर सपाट छताचा मंडप, आणि मागे विटांचा जो भाग आहे तो हत्तीच्या पाठीसारखा लांबट आणि मागे अर्धगोल. छपराचे तोंड म्हणजे पिंपळपानाची कमान. अजिंठ्याच्या, कार्ल्याच्या चैत्याचे चित्र ज्याने कॅलेंडरवर पाहिले आहे त्याला काही सांगावे लागत नाही. पोरे एकदम गप्प झाली. आत त्रिविक्रम विष्णूची मूर्ती आहे, पूजा चालू आहे.

कझिन्सचे मत असे की हा मुळात बौद्ध चैत्य, पुढे त्याचे देऊळ झाले. काही अभ्यासक म्हणतात की चैत्याच्या घाटावर बांधलेले हे सुरुवातीपासूनचेच देऊळ असेल. आमचे मत विचाराल तर त्या कमानीकडे पाहून आम्ही कझिन्सच्या बाजूला झुकतो, पण मत म्हणजे पुरावा नव्हे. मागच्या ओळीतल्या पोरांना हे मानवेना. एक जण म्हणाला, "आपलं हाय तर आपलं म्हणून बोर्ड लावला पायजे. घोषणा दिऊ." दुसरा मोबाईल काढून चित्रण करू लागला. क्षणभर वातावरण तापले. देवळात आलेली एक म्हातारी बाई आमच्याकडे बघत उभी राहिली.

पोरांना दाजींनी आवरले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "बोर्ड लावशीला. मग त्यो म्हणंल पुरावा काय. काय दावशीला?" पोरगा म्हणाला, "कमान हाय की." दाजी म्हणाले, "माझ्या रानातबी तूर हाय. तूर बगून सातबारा देत न्हाईत." मग त्यांनी सांगितले की घोषणा त्यांनीही तरुणपणी खूप दिल्या, आणि त्या द्याव्याच लागतात, पण आता ते कागद शोधत आहेत.

आम्हाला दुसरीही एक गोष्ट पोरांना सांगावीशी वाटली. स्तूप कोणी पुजत नव्हते, त्याचा पायाच तेवढा उरला. विटा कुठे गेल्या असतील ते सांगायला नको, जुन्या गावांत पडक्या बांधकामाच्या विटा घराघरांत जातात. हा चैत्य म्हणा की देऊळ, त्यात दिवा लागत राहिला म्हणून दीड हजार वर्षांच्या घरातली वास्तू विटेला वीट लागून उभी आहे. त्या म्हातारीने आणि तिच्या आज्या-पणज्यांनी ती झाडली, सारवली. तिच्यावर ओरडून काय मिळवणार? आत्याने बाहेरच्या बाजूला, भिंतीपासून जरा अंतरावर हात जोडून त्रिसरण म्हटले. आम्ही सारे तिच्यामागे म्हणालो, हळू आवाजात. म्हातारीने विचारले, "कुठून आला?" आत्या म्हणाली, "सोलापुरास्नं, बाई." मग दोघी पायरीवर बसून गुडघेदुखीवर बोलल्या.

गावात सांगतात की तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. आम्ही वीट उचलून पाण्यात टाकायला गेलो नाही, कोणी जाऊही नये.

नदीकाठी झाडाखाली बसलो असताना धाकटीने विचारले की भिक्खू तीन महिने इथे बसून राहायचे तर त्यांना कपडालत्ता कोण द्यायचे. या प्रश्नाचे उत्तर तेरच्या नव्हे, नाशिकच्या लेण्यात दगडावर कोरलेले आहे, आणि ते आम्हाला इतके आवडते की हिशेबाची सवय असलेल्या प्रत्येकाला सांगतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नहपान राजाचा जावई उषवदात याने तिथल्या दहाव्या लेण्यासाठी कायमची ठेव ठेवली. ठेव कोणाकडे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्या वेळच्या संघटनांकडे. एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण, महिना शेकडा एक दराने. मुद्दल परत करायचे नाही, व्याजच द्यायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. आता मांडून बघा. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक पैही इकडची तिकडे नाही.

धाकटीने वहीच्या पानावर मांडून पाहिले आणि मान डोलावली. गिरणीतल्या काकांना हिशेबापेक्षा ठेव घेणारे कोण याचे नवल वाटले. "इनकरांवर इश्वास टाकला राजाच्या जावयानं," ते म्हणाले. "आन आमाला बँक जामीन मागती."

दाजी मात्र वेगळ्याच विचारात होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेतले. त्यांच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या पावत्या आहेत, असे ते म्हणाले. गायरानात पेरणी केली म्हणून तलाठ्याने वेळोवेळी दंड केला, त्याच्या. वडील दंड भरत, पावती घडी करून पेटीत टाकत. दंडाची पावती म्हणजे आपण चोर ठरल्याचा कागद, तो कशाला कोणाला दाखवायचा म्हणून आजवर त्यांनी दाखवला नव्हता. आम्ही त्यांचा हात धरला. म्हटले, दाजी, अमुक साली अमुक गटात तुम्ही पेरले हे सरकारच्याच माणसाने सही करून लिहून दिले आहे. १४ एप्रिल १९९० च्या आधीची एक जरी पावती निघाली तरी फाईल पुन्हा उघडता येईल. गावच्या अतिक्रमणाच्या नोंदवहीची, नमुना एक-ई ची नक्कल मागू.

पेटी उघडली. पावत्या सतरा निघाल्या. तीन वाळवीने खाल्लेल्या, एकीवरची शाई उडालेली. सर्वात जुनी १९७२ ची, दुष्काळाच्या वर्षाची. आम्ही त्यांच्या छायाप्रती काढल्या, प्रत्येकीवर क्रमांक घातला, नकलेचा अर्ज दिला. उत्तर अजून आलेले नाही. मूळ पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा त्याच पेटीत ठेवल्या आहेत.

येत्या वर्षावासात आणखी एक गाडी करावी असा आग्रह आहे. ज्यांना यायचे त्यांनी विहारात नाव द्यावे. नान्नजला वनखात्याची परवानगी घेऊनच आत जायचे, ठरलेली वाट सोडायची नाही, मुलांना गवतात धावू द्यायचे नाही. तेरचे वस्तुसंग्रहालय उघडे आहे का याची आधी चौकशी करावी. पाणी घरून न्यावे. आत्या येणार आहे, तिने खिडकीची जागा आताच सांगून ठेवली आहे.